बोडोनी वापरायचा तर आधी बारीक रेषेचा हिशेब

बोडोनी हा रोमन (इंग्रजी) अक्षरांचा टाईपफेस, म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच. तो हाती घेतला की आधी एक आकडा काढून ठेवावा: त्याची सर्वांत बारीक रेषा अक्षराच्या मापाच्या किती हजारांश आहे. कोणत्या मापाला वापरायचा, कागद कोणता घ्यायचा, काळ्यावर पांढरा छापायचा की नाही, मोबाइलवर चालेल की नाही, या प्रश्नांची उत्तरं त्या आकड्यातून निघतात. देखणेपणासाठी बोडोनीचं कौतुक होतं आणि ‘वाचताना डोळ्यांना टोचतो’ अशी तक्रारही होते. दोन्हींच्या मुळाशी तीच रेषा आहे. तक्रार बहुतेक वेळा रास्त असते, पण दोष टाईपफेसचा नसतो. मोठ्या मापासाठी काढलेला कट (म्हणजे त्या टाईपफेसची एक आवृत्ती) कुणीतरी लहान मापाला लावलेला असतो.

रेषा मोजायची रीत सोपी आहे. इलस्ट्रेटर, इंकस्केप किंवा असं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. रोमन कॅपिटल ‘एच’ बरोबर १००० पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) मापाला टाका, त्याची आउटलाइन करा (अक्षराचं रेखाचित्र करा) आणि मधल्या आडव्या रेषेची उंची पॉइंटमध्ये मोजा. माप १००० असल्यामुळे जो आकडा मिळेल तेच हजारांश. इंकस्केप माप पिक्सेलमध्ये दाखवत असेल तर दोन्हीकडे एकच एकक ठेवा, म्हणजे गुणोत्तर बिघडणार नाही. मग कॅपिटल ‘एन’ घ्या. बोडोनीत त्याच्या दोन्ही उभ्या रेषा बारीक असतात आणि तिरपी जाड. या उभ्या बारीक रेषा ‘एच’च्या आडवीपेक्षा थोड्या वेगळ्या निघू शकतात. दोघींतली जी कमी, तो तुमचा आकडा.

समजा तो २० निघाला. छपाईत उतरणारी जाडी म्हणजे आकडा गुणिले माप, भागिले १०००. ७२ पॉइंटला ती १.४४ पॉइंट येते, ३६ ला ०.७२, २४ ला ०.४८, १८ ला ०.३६, १२ ला ०.२४ आणि ९ ला जेमतेम ०.१८. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या नेहमीच्या छपाईत, पांढऱ्या कागदावरची काळी रेषा ०.२५ पॉइंटच्या खाली नेऊ नये आणि काळ्यातून पांढरी काढलेली रेषा ०.५ च्या खाली, असा छपाईतला सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे हा कट काळ्या शाईत साधारण १३ पॉइंटपर्यंत खाली उतरेल आणि उलट छपाईत २५ पॉइंटलाच थांबेल. त्याखाली जायचं असेल तर कट बदला. टाईपफेस बदलायची गरज बहुधा पडत नाही.

एका नावाखाली अनेक अक्षरं

‘बोडोनी कोणता?’ या प्रश्नाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

जांबात्तिस्ता बोडोनी १७४० मध्ये इटलीतल्या सालुत्सो गावी जन्मला. तरुणपणी तो रोममध्ये धर्मप्रसार संस्थेच्या, म्हणजे प्रोपागांदा फीदेच्या, छापखान्यात जुळारी होता आणि तिथे त्याचा पौर्वात्य लिप्यांच्या खिळ्यांशी संबंध आला. (याच छापखान्यातून १७७१ मध्ये देवनागरी खिळे वापरून छापलेलं पुस्तक निघालं; बोडोनी त्याआधीच तिथून बाहेर पडला होता.) १७६८ मध्ये तो पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख झाला आणि १८१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पार्मातच राहिला. सुरुवातीची वर्षं त्यानं पॅरिसच्या टाईपकार फुर्निएच्या घाटाची अक्षरं वापरली. मग हळूहळू सेरिफ (दांड्यांच्या टोकांच्या छोट्या रेघा) सपाट आणि बारीक होत गेले, अक्षराचा जाडपणा तिरप्या अक्षावरून सरळ उभ्या अक्षावर आला, जाड आणि बारीक यांच्यातला फरक वाढत गेला. पॅरिसमध्ये दिदो हे मुद्रकांचं घराणं त्याच काळात त्याच दिशेनं काम करत होतं. गुळगुळीत कागद, चांगली शाई आणि नेमकी छपाई साधल्यामुळेच हे शक्य झालं. खरबरीत कागदावर अशी रेषा टिकलीच नसती.

त्याच्या टाईपांचा नमुनाग्रंथ, ‘मानुआले तिपोग्राफिको’, १७८८ मध्ये निघाला. त्याची मोठी, दोन खंडांची आवृत्ती १८१८ मध्ये त्याची पत्नी मार्गेरिता हिनं त्याच्या पश्चात प्रसिद्ध केली. तिच्यात रोमन अक्षरांचे १४२ संच आहेत. हा आकडा व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा पंच (खिळ्याचा मूळ पोलादी ठसा) वेगळा कोरावा लागे. त्यामुळे लहान मापाचं अक्षर कोरताना बारीक रेषा प्रमाणानं जाड ठेवायची, पोट थोडं रुंद करायचं, अक्षरांमधली जागा मोकळी सोडायची, हे कारागिराच्या हातूनच होत असे. संगणकावर एकच चित्र हव्या त्या मापाला ताणता येऊ लागलं आणि हा विवेक सुटला. शिवाय पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी नमुना म्हणून बहुधा मोठ्या मापाची अक्षरं समोर ठेवली. लेटरप्रेसवर, म्हणजे खिळे कागदावर दाबून होणाऱ्या छपाईत, दाबानं शाई किंचित बाहेर पसरते आणि रेषा जरा भरते. ऑफसेटवर हा फायदा जवळजवळ मिळत नाही. मूळ पुस्तकात भरीव दिसणारं पान आज तेच अक्षर घेऊन फिकट दिसतं ते यामुळे.

आता हाताशी असलेले कट.

अमेरिकन टाईप फाउंडर्ससाठी मॉरिस फुलर बेंटननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेला बोडोनी हा सर्वांत धट्टाकट्टा. त्याच्या बारीक रेषा जरा जाडसर आणि एकसारख्या आहेत. जाहिराती आणि वर्तमानपत्रांनी त्याला उचलून धरलं. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा लिब्रे बोडोनी याच वळणाचा आहे. छोट्या मजकुराला, विशेषतः मॅपलिथोवर (लेप नसलेल्या साध्या कागदावर), आधी हा लावून पाहावा.

जर्मनीच्या बाउअर फाउंड्रीसाठी हाइनरिश योस्टनं १९२६ मध्ये काढलेला बाउअर बोडोनी सर्वांत नाजूक. रेषा अतिशय बारीक, लहान अक्षरांची उंची कमी, वरखाली जाणारे दांडे लांब. मुखपृष्ठावर, भरपूर मोकळ्या जागेत, आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) त्याच्या तोडीचा दुसरा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मजकुराला मात्र अजिबात नको.

आयटीसी बोडोनी (१९९४) तयार करणाऱ्यांनी पार्मात जपलेले मूळ पंच आणि छापील पानं अभ्यासून तीन कट केले: सिक्स, ट्वेल्व्ह आणि सेव्हन्टी-टू. नावातला आकडा म्हणजे तो कट कोणत्या मापासाठी आहे ते. मॅकवर आधीपासून असलेला ‘बोडोनी ७२’ हा त्यातलाच तिसरा. त्यानं १० पॉइंटला परिच्छेद जुळवलेली परिचयपत्रं आणि लग्नपत्रिका सर्रास दिसतात. त्यांतल्या आडव्या रेषा पुसट होतात आणि वाचणाऱ्याच्या नजरेला फक्त उभे दांडे येतात. त्याच यादीतल्या ‘बोडोनी ७२ ओल्डस्टाइल’ या नावानंही फसू नका. तिथे ‘ओल्डस्टाइल’ हा शब्द ओळीच्या वरखाली जाणाऱ्या अंकांसाठी आहे. अक्षराचं वळण किंवा माप त्यानं बदलत नाही. विंडोजवर ऑफिससोबत येणारा ‘बोडोनी एमटी’ मोनोटाइपचा आहे. त्याची रेषा वरच्या रीतीनं मोजून घ्या आणि मगच माप ठरवा.

पोस्टर बोडोनी (१९२९, लायनोटाइपसाठी सी. एच. ग्रिफिथ) वेगळ्याच जातीचा. उभे दांडे प्रचंड जाड आणि बारीक रेषा तशीच बारीक. त्याचं खरं नातं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनच्या जाडजूड जाहिरात-अक्षरांशी आहे. एक-दोन शब्दांपुरता घ्यावा.

नव्याने काम सुरू करणाऱ्याला आम्ही बोडोनी मोडा सुचवू. मोफत आहे, व्हेरिएबल आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराचं रूप बदलता येतं; वजन (जाडी) ४०० ते ९०० पर्यंत बदलतं. त्यात मापानुसार आकार बदलणारा वेगळा अक्ष (बदलाची मोजपट्टी) आहे, ६ पासून ९६ पर्यंत. म्हणजे १४२ संचांमागचा विचार एका फाइलमध्ये आला. १० पॉइंटच्या मजकुराला त्या अक्षाची किंमत १० किंवा ११ ठेवा, ८० पॉइंटच्या मथळ्याला ८०. खरखरीत कागद असेल तर प्रत्यक्ष मापापेक्षा दोन-तीनने कमी किंमत द्या. रेषा तेवढीच जाड होते आणि छपाई सावरते.

ओळख पटवणं

सपाट, कोन न भरलेले बारीक सेरिफ, सरळ उभा अक्ष, आणि लहान ‘ए’, ‘सी’, ‘एफ’, ‘आर’ यांच्या टोकाला गोल थेंब, एवढं दिसलं की या कुळातला टाईपफेस समोर आहे असं समजावं. बोडोनी की दिदो ते ठरवायला कॅपिटल ‘क्यू’ पाहा. बोडोनीत त्याची शेपटी बहुधा वाडग्याच्या मधोमध खाली उतरते. एकूणात दिदो जास्त टोकदार आणि काटेकोर वाटतो, बोडोनीत किंचित ऊब आहे. फॅशन मासिकांच्या नावांना सगळेच ‘बोडोनी’ म्हणतात, पण त्यांत दिदो वळणाची अक्षरं पुष्कळ आहेत. हार्पर्स बझार मासिकासाठी जोनाथन हॉफलरनं १९९१ मध्ये जो दिदो तयार केला तो सात वेगवेगळ्या मापांसाठी सात वेळा काढला, तेव्हा कुठे मथळ्यापासून छोट्या ओळींपर्यंत रेषा सारखी बारीक राहिली. प्लेफेअर डिस्प्ले या कुळातला नाही. तो अठराव्या शतकातल्या इंग्रज मुद्रक बास्करव्हिलच्या काळाकडे झुकतो, त्याची लहान अक्षरं उंच आहेत आणि सेरिफ दांड्यात वळत मिसळतात. पडद्यावर तो जास्त सोसतो, म्हणून वेबसाइटवर ‘बोडोनीसारखं काहीतरी’ हवं असेल तर पुष्कळदा तोच बरा पडतो.

जुळवणी

बोडोनीत उभे दांडे जाड आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा बारीक. त्यामुळे ओळ कुंपणासारखी दिसू लागते आणि नजर आडवी सरकायच्या ऐवजी उभ्या दांड्यांवर अडखळते. जुळवणीतले सगळे उपाय या एका दोषावर आहेत.

ओळींमधली जागा इतर सेरिफ अक्षरांपेक्षा जास्त द्या. १० पॉइंटच्या मजकुराला १४ पॉइंट लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर), ११ ला १५ किंवा १५.५. नेहमीचं १२० टक्के बोडोनीला कमीच पडतं. ओळ ५५ ते ६५ अक्षरांची ठेवा. लांब ओळीत नजर परत येताना ओळ चुकते. मथळा दोन ओळींचा असेल तर उलट करा: ६० पॉइंटच्या मथळ्याला ६० ते ६४ लीडिंग पुरे, नाहीतर दोन ओळी एकमेकींपासून तुटतात.

अक्षरांमधलं अंतर मापाप्रमाणे बदलतं. ८ ते ११ पॉइंटला ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर, मापाच्या हजारांशात) +५ ते +१५, मधल्या मापांना शून्य, ६० च्या वर -५ ते -१५. सगळी कॅपिटल अक्षरं असतील तर +५० ते +१०० लागतं. तपासायला इंग्रजी ‘मिनिमम’ हा शब्द उत्तम, कारण त्यात उभ्या दांड्यांशिवाय जवळजवळ काही नाही. दांड्यांमधल्या पांढऱ्या पट्ट्या अक्षराच्या आत आणि दोन अक्षरांच्या मध्ये साधारण सारख्या दिसल्या की अंतर बसलं. मोठ्या मथळ्यात कर्निंग (अक्षरांच्या एकेका जोडीतलं अंतर) हातानं करा. ‘ए’ आणि ‘व्ही’, ‘टी’ आणि ‘ओ’, ‘एल’ आणि ‘वाय’ या जोड्या आधी बघा. बारीक रेषा एकमेकींना टेकू देऊ नका. दोन सेरिफ चिकटले की त्या जागी जाड आडवी रेघ तयार होते आणि शब्दाचा तोल जातो. ते टेकवायचेच असतील, जसं मोनोग्राममध्ये करतात, तर पूर्ण एकमेकांवर आणून एकच रेषा करा. अर्धवट टेकलेले सेरिफ चूक वाटतात.

अक्षर आडवं दाबू किंवा ताणू नका. ७० टक्के रुंदीपर्यंत दाबलं की उभे दांडे ३० टक्क्यांनी बारीक होतात आणि आडव्या रेषा आहेत तेवढ्याच राहतात. जाड-बारीक यांचं ज्या प्रमाणावर टाईपफेस उभा आहे तेच मोडतं. अरुंद हवा असेल तर अरुंद काढलेला कट घ्या. सॉफ्टवेअरचा खोटा बोल्ड सगळ्या बाजूंनी सारखीच चरबी चढवतो, म्हणून तोही नको. काही छापखान्यांत बारीक रेषा वाचवायला अक्षराला त्याच रंगाची ०.१ पॉइंटची किनार देतात. रेषा ०.१ ने जाडावते हे खरं, पण सेरिफचे कोपरे बोथट होतात आणि लहान ‘ई’चं पोट भरतं. ऐन वेळी प्लेट निघायच्या आधी दुसरा इलाजच नसेल तरच करा.

बोडोनीचे अंक सुरेख आहेत. २, ३, ५ यांचे थेंब आणि वळणं मोठ्या मापाला इतकी शोभतात की वर्धापनदिनाचं बोधचिन्ह, दिनदर्शिकेवरचं साल, पुस्तकातले प्रकरण-क्रमांक यांसाठी फक्त अंक घेतले तरी काम देखणं होतं. पण दरपत्रकातल्या किंवा औषधाच्या लेबलावरच्या लहान अंकांना बोडोनी कधीच नको. ३, ६, ८, ९ यांच्यात फरक करणारी रेषाच तिथे गळून पडते.

सोबतीला दुसरं रोमन अक्षर लागेल तेव्हा साधं सान्स-सेरिफ (सेरिफ नसलेलं) घ्या, वजनानं मध्यम. फ्युचुरासारखी भूमितीय अक्षरं जुनी आणि पक्की जोडी आहे. गॅरामाँडसारखा दुसरा सेरिफ शेजारी ठेवला तर दोघांचे सेरिफ भांडतात.

छपाई

इथे हिशेब पुन्हा काढायचा.

काळा मजकूर १०० टक्के काळ्या शाईत, एकाच प्लेटवर. चार शाया मिसळून केलेला गडद काळा बोडोनीच्या मजकुराला लावला आणि प्लेट ०.१ मिलिमीटर सरकली तर ०.२८ पॉइंटची रंगीत झालर तयार होते. १२ पॉइंटला आपली रेषाच ०.२४ आहे, म्हणजे झालर रेषेपेक्षा जाड. चार रंगांच्या पार्श्वभूमीतून पांढरी अक्षरं काढताना तीच सरक रेषा बुजवते. उलट छपाई करायचीच असेल तर मापानं दुप्पट व्हा किंवा कमी फरकाचा कट आणि एक पायरी जाड वजन घ्या.

राखाडी अक्षरांचा मोह टाळा. ६० टक्के काळा म्हणजे ठिपके. इंचाला १५० लाइनच्या स्क्रीनवर (ठिपक्यांच्या जाळीवर) दोन ठिपक्यांच्या केंद्रांत ०.१७ मिलिमीटर, म्हणजे ०.४८ पॉइंट अंतर असतं. १८ पॉइंटच्या अक्षराची ०.३६ ची रेषा त्या अंतरापेक्षा बारीक; ती रेषा म्हणून छापली न जाता तुटक ठिपके होऊन उतरते. राखाडी किंवा सोनेरी हवंच असेल तर तयार स्पॉट शाई (त्याच रंगाची वेगळी शाई) घ्या, ती भरीव बसते.

कागदाचं सांगायचं तर आर्ट पेपर किंवा आर्ट कार्डवर शाई वर राहते आणि रेषा जशी आहे तशी येते. मॅपलिथोवर शाई थोडी पसरते. लहान मापाला हे पसरणं मदत करतं, पण बोल्ड वजनात पोटं भरायला लागतात. हातकागदावर नाजूक कट लावू नका. पृष्ठभागाच्या खळग्यात रेषा हरवते.

ऑफिसच्या ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) लेझर प्रिंटरवर प्रूफ काढून निर्णय घेऊ नका. त्याचा एक ठिपका ०.१२ पॉइंटचा. १२ पॉइंटच्या अक्षराची रेषा दोन ठिपक्यांत बसते, ९ पॉइंटची दीड ठिपक्यात. दीड ठिपका असा काही नसतो, म्हणून एका ‘ई’ची रेषा एक ठिपक्याची आणि पुढच्याची दोन ठिपक्यांची येते. पान डागाळल्यासारखं दिसतं आणि दोष टाईपफेसला लावला जातो.

लग्नपत्रिकेवर वधूवरांच्या नावांची रोमन आद्याक्षरं सोनेरी फॉइलमध्ये छापायची चाल आहे, आणि तिथे बोडोनी शोभतोही. फॉइलला साधारण ०.२ मिलिमीटरहून बारीक रेषा नीट चिकटत नाही; २० हजारांशच्या कटला हे २८ पॉइंटला गाठता येतं. सुरक्षिततेसाठी ३६ च्या खाली जाऊ नका, आणि डाय (फॉइल दाबायचा ठसा) करणाऱ्याला पीडीएफमध्ये आउटलाइन केलेली अक्षरं द्या. फॉइल दाबलं की जाड दांड्याच्या शेजारची फट बुजते, म्हणून ट्रॅकिंग नेहमीपेक्षा १०-१५ जास्त.

फ्लेक्स आणि पाट्यांचा हिशेब अंतरावरून करायचा. साधारण चांगल्या नजरेला १० मीटरवरून ३ मिलिमीटरची रेषा सहज वेगळी दिसते, असा सुरक्षित अंदाज धरा. २० हजारांशमध्ये ३ मिलिमीटर हवे तर अक्षराचं माप १५० मिलिमीटर, म्हणजे कॅपिटलची उंची जवळपास १०५ मिलिमीटर. चौकातल्या फलकावर बोडोनी लावण्याआधी हे गणित करून पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असंच येतं. ॲक्रिलिक किंवा धातूची कापलेली अक्षरं करायची असतील तर रेषा मोडण्याची भीती आणखी वाढते. तिथे बेंटनच्या वळणाचा जाडसर कट घ्या आणि कापणाऱ्याला त्याच्या यंत्राची किमान रुंदी आधी विचारा.

पडदा

२० हजारांशची रेषा साध्या मॉनिटरवर एक पूर्ण पिक्सेल व्हायला अक्षर ५० पिक्सेलचं हवं. त्याखाली ती करडी होते. दुप्पट घनतेच्या पडद्यावर हीच मर्यादा २५ पिक्सेलवर येते, तिप्पट घनतेच्या मोबाइलवर १७ च्या आसपास. म्हणून मोबाइलवर ठीक दिसलेला परिच्छेद कार्यालयातल्या जुन्या मॉनिटरवर वाचवत नाही. तपासणी त्या मॉनिटरवरच करा.

बोडोनी मोडा गूगल फॉन्ट्सवरून घेताना दुव्यात वजनाबरोबर ऑप्टिकल साइझचा, म्हणजे मापानुसार आकार बदलणारा, अक्षही पूर्ण कक्षेसह मागून घ्यावा लागतो. तो मागितला नाही तर एकाच मापाचा ठरावीक कट येतो आणि मथळा विनाकारण जाडजूड दिसतो. अक्ष आला की ब्राउझर मापानुसार तो आपोआप लावतो. सीएसएसमध्ये (वेबपानाच्या मांडणीच्या सूचनांत) ऑप्टिकल सायझिंग ‘ऑटो’ असावं, ते मूळचं तसंच असतं. कुठल्यातरी थीमनं ‘नन’ केलेलं नाही ना, एवढं पाहा. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांसाठी अक्षाची किंमत हातानं कमी करा.

देवनागरीच्या शेजारी

मराठी-इंग्रजी मुखपृष्ठावर हा प्रश्न येतोच. बोडोनीचा जाडपणा उभ्या दांड्यात आहे आणि आडवी रेषा केसाएवढी. देवनागरीचं पारंपरिक वळण बोरूच्या तिरप्या कापावर घडलं आहे. तिथे शिरोरेषेलाही अंगभूत जाडी आहे आणि जाड-बारीक बदल वळणावर हळूहळू होतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेलं कुठलंही जुनं पुस्तक उघडलं की हे दिसतं. म्हणून बोडोनीचं तर्कशास्त्र देवनागरीवर जसंच्या तसं लादलं आणि शिरोरेषा केसाएवढी केली, तर शब्दाला धरून ठेवणारी गोष्टच नाहीशी होते. शोधायचं ते एवढंच: जाड-बारीक फरक स्पष्ट असलेली, पण शिरोरेषा टिकवणारी देवनागरी.

मोठ्या मथळ्याला इंडियन टाईप फाउंड्रीचा रोझा वन पाहा. अतिशय जाड, तीव्र फरकाचा, देवनागरी आणि रोमन एकत्र काढलेला. पोस्टर बोडोनीच्या शेजारी तो बसतो. वजन एकच आहे, म्हणून परिच्छेदाला घेऊ नका. मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी चांगला. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. इतर फॉन्टमध्ये ही वळणं बऱ्याचदा असतात, पण भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. वेबपानावर भाषेची खूण आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी करा.

माप जुळवताना पॉइंटचा आकडा सारखा ठेवून उपयोग नाही. देवनागरीची शिरोरेषा रोमन लहान अक्षरांची उंची आणि कॅपिटलची उंची यांच्या मध्ये कुठेतरी येईल असं माप करा. मग दोन्ही मजकुरांचा करडेपणा (एकूण गडद-फिकट छटा) डोळे बारीक करून बघा आणि देवनागरीचं वजन एक पायरी खाली-वर करा. ओळींमधली जागा देवनागरीच्या गरजेनं ठरवा, कारण वरचा रफार-मात्रा आणि खालचा उकार दोन्ही जागा मागतात. बोडोनीला जास्त लीडिंग आवडतंच, त्यामुळे इथे दोघांचं पटतं. रोमन कॅपिटलना +८० ट्रॅकिंग दिलं म्हणून तेच देवनागरी ओळीला लावू नका. शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं पडतं.

प्लेटपूर्वीची तपासणी

प्रूफ खऱ्या कागदावर आणि खऱ्या मापाला काढून घ्या. दहापट भिंगाखाली लहान ‘ई’ची आडवी रेषा, कॅपिटल ‘एन’चे दोन उभे दांडे, ‘यू’चा उजवा दांडा आणि ‘४’ची तिरपी रेषा पाहा. तुटणार असेल तर ती इथेच आधी तुटते. एखादी रेषा तुटक दिसली तर आधी त्या मजकुराचा रंग १०० टक्के एका शाईत आहे का ते तपासा, मग कट, आणि शेवटी माप. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालेला (फाइलमध्येच भरलेला) आहे हेही बघा. छापखान्याच्या संगणकावर ‘बोडोनी’ नावाचा दुसराच कट असेल आणि तुमचा एम्बेड झालेला नसेल, तर तो बिनबोभाट बदलला जातो आणि ओळी नव्यानं तुटतात.